गॅस गेलेला नव्हता

शनिवार. सकाळचे साडेसात. म्हणजे आयटीवाल्याच्या हिशोबाने मध्यरात्रच. स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अरे, दूध फाटलं. परत."

त्या "परत"ने माझी झोप उडाली. कारण हे तिसऱ्यांदा होत होतं. आणि दूध फाटलं तर फाटलं, पनीर करता येतं. पण आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी एक निळा डबा असतो, त्यात आईचं इन्शुलिन असतं. न उघडलेलं इन्शुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं. मी खालच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवला. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर १५ डिग्री. वरच्या फ्रीजरमध्ये मात्र आईस ट्रे व्यवस्थित गोठलेला! म्हणजे वर हिमालय आणि खाली कोपरखैरणे.

इन्शुलिन शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये गेलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, किती दिवस गरम राहिलंय याचा भरवसा नाही ना, मग ते वापरू नका. तेव्हा दोन काडतुसं टाकून दिली. आई काही बोलली नाही, फक्त डब्यावरची किंमत एकदा वाचली.

आता थोडं मागे जातो. हा प्रकार पहिल्यांदा झाला तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं. मेकॅनिक बोलावला. तो आला, फ्रिजच्या बाजूला हात लावला, मागे कान लावला आणि तीन मिनिटांत निकाल दिला, "गॅस गेलाय. बत्तीसशे होतील." मी म्हटलं विचार करून सांगतो. त्याने व्हिजिटचे तीनशे घेतले आणि गेला. आई म्हणाली, "दमलाय तो. एक रात्र बंद ठेव." ठेवला. दारं उघडी टाकून, खाली जुनी चादर अंथरून. सकाळी चादर ओलीचिंब झालेली. फ्रिज चालू केला आणि काय आश्चर्य, तासा-दोन तासांत दोन्ही कप्पे मस्त गार! आम्ही दोघं खूश. बत्तीसशे वाचले.

नऊ दिवसांनी परत तेच. परत रात्रभर बंद, परत सकाळी टकाटक. आणि त्यानंतर दहाव्या दिवशी ही शनिवारची हाक.

इथे मला माझीच लाज वाटायला हवी होती. मी ऐरोलीला एका कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टमध्ये आहे. रात्री दोनला सर्व्हर झोपला की त्याला उठवणं हे माझं काम. आमच्याकडे टिकेट बंद करताना लिहायचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे 'रिस्टार्ट केल्यावर व्यवस्थित चालू'. आणि दर सोमवारच्या मीटिंगमध्ये मी ज्युनियर मुलांना तावातावाने सांगतो की रिस्टार्टने चाललं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही, बग तिथेच आहे, तो फक्त झोपलाय. आणि घरी? घरी मी दर नऊ दिवसांनी फ्रिज रिस्टार्ट करत होतो!

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही. मी मेकॅनिकल. शेवटच्या वर्षाला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हा अख्खा विषय होता. कंप्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन, इव्हॅपोरेटर. आकृती डोळे मिटून काढता यायची, गणितं सुटायची, मार्कही बरे पडले. फक्त चार वर्षांत एकदाही कुणी घरचा फ्रिज उघडायला सांगितला नाही आणि आम्हालाही तो उघडावासा वाटला नाही. माझ्यासारखे मेकॅनिकल करून आयटीत आलेले ढिगाने आहेत, हे वाचणाऱ्यांतही असतील. हात वर करा :-)

तर त्या शनिवारी मी ठरवलं की आधी विचार करायचा, मग फोन. आणि पहिलाच विचार इतका साधा निघाला की मेकॅनिकने, आईने आणि मी, तिघांनीही तो कसा केला नाही कोण जाणे. गॅस जर खरंच गळून गेला असेल, तर रात्रभर फ्रिज बंद ठेवल्याने तो परत कसा येईल? गळालेला गॅस काही सकाळी दूधवाल्याबरोबर परत येत नाही. बंद ठेवल्यावर जर नऊ-दहा दिवस उत्तम चालत असेल, तर त्या रात्रीत एकच गोष्ट बदललेली असते : बर्फ वितळलेला असतो. म्हणजे दोष बर्फात आहे.

पण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ कुठला? हेच तर आपल्याला माहीत नसतं. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ होत नाही हा गैरसमज आहे. बर्फ होतोच, फक्त दिसत नाही. थंडी एकाच ठिकाणी तयार होते, फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनलआड असलेल्या कॉइलवर. एक छोटा पंखा त्या कॉइलमधून हवा ओढतो. बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि थोडी एका बोगद्यातून खालच्या कप्प्यात पाठवतो. हवेतलं बाष्प त्या कॉइलवर जाऊन गोठतं. ते वेळोवेळी वितळवायला कॉइलखाली एक हीटर असतो. हो, फ्रिजच्या पोटात हीटर! आमच्या २०१४ सालच्या मॉडेलमध्ये एक टायमर आहे. कंप्रेसर काही तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि हीटरला वीज देतो. वितळलेलं पाणी नळीतून खाली कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. हे दिवसातून दोन-तीनदा, आपण झोपेत असतानाही होत असतं. नव्या फ्रिजांमध्ये टायमरऐवजी सर्किट बोर्ड आणि सेन्सर असतात, पण मूळ खेळ तोच.

हीटर तापलाच नाही तर? कॉइलवर बर्फाची भिंत उभी राहते. पंख्याला हवा मिळत नाही. फ्रीजर जवळच असल्याने तो बराच वेळ तग धरतो, खालचा कप्पा मात्र उपाशी राहतो. वर हिमालय, खाली कोपरखैरणे!

नऊ दिवसच का, हेही मी कागदावर मांडून पाहिलं. आपली हवा खाडीवरची. ३२ डिग्री तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम बाष्प असतं. आमचा फ्रिज २५० लिटरचा, म्हणजे पाव घनमीटर. दार उघडलं की त्यातली निम्मी हवा बदलते असं धरलं तर दर वेळी तीन ग्रॅम पाणी आत जातं. आमच्याकडे दिवसातून वीस वेळा तरी दार उघडतं (त्यातली दहा वेळा मी, नुसतंच आत काय आहे बघायला). झाले साठ ग्रॅम. दहा दिवसांत अर्धा किलोहून जास्त बर्फ, आणि झाकण न ठेवलेल्या आमटीची वाफ वेगळीच. तेवढा बर्फ त्या कॉइलच्या पात्यांमध्ये बसला की खेळ खलास. हिशोब ढोबळ आहे, पण माझा विश्वास बसायला पुरेसा होता.

प्लग काढला (हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहितो आहे, प्लग काढला). फ्रीजरच्या मागच्या पॅनलचे स्क्रू सोडवले. आत पाहिलं आणि थक्क झालो. अख्खी कॉइल पांढरीशुभ्र, वरपासून खालपर्यंत घट्ट बर्फ. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गॅस कमी असेल तर कॉइलचा सुरुवातीचा थोडाच भाग गोठतो, बाकी कोरडी राहते. पूर्ण कॉइल बर्फाने भरलेली असेल तर थंडी तयार होते आहे, गॅस आहे, फक्त बर्फ वितळत नाहीये. म्हणजे चार स्क्रू काढून बत्तीसशेचा प्रश्न सुटत होता.

बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. खालची नळी अॅल्युमिनियमची असते, एक भोक पडलं की मग खरंच गॅस जातो. आणि आजकाल बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन असतो, स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊ. तो पेटतो. मी फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, टेबल फॅन लावला आणि दोन तास गप्प बसलो.

मग मल्टिमीटर. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या वेळी घेतलेला, सेल बदलल्यावर चालू झाला. हीटरवर २३० व्होल्ट, १५० वॉट लिहिलेलं. व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागलं की रोध मिळतो, म्हणजे ३५३ ओहम यायला हवे. मीटरने ३४८ दाखवले. हीटर ठणठणीत! इथे एक कबुली द्यायची आहे. मी आदल्या आठवड्यातच "हीटरच गेला असणार" अशा खात्रीने ऑनलाइन साडेचारशे रुपयांचा नवा हीटर मागवून ठेवला होता. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे. मेकॅनिकने हात लावून गॅस सांगितला आणि मी हातही न लावता हीटर. फरक काय राहिला?

पुढे थर्मल फ्यूज. तोही ठीक. मग बायमेटल. ही कॉइलला चिकटवलेली एक छोटी डबी. आत दोन धातूंची पट्टी, दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात म्हणून ती वाकते. कॉइल शून्याखाली बरीच गार असेल तर संपर्क जोडलेला, बर्फ वितळून कॉइल कोमट झाली की संपर्क तुटतो. हीटरने फ्रिज भाजून काढू नये म्हणून ही सोय. मी मीटर लावला, संपर्क तुटलेला. सापडला चोर! मी निकाल जाहीर करणार तेवढ्यात लक्षात आलं की अरे, आता तर कॉइल वितळून खोलीच्या तापमानाला आली आहे. या तापमानाला चांगला बायमेटलही तुटलेलाच दाखवणार. म्हणजे माझा पुरावा पुरावाच नव्हता.

त्याला उणे दहाच्या खाली न्यायला हवं. पण कसं? फ्रीजर तर बंद. मी डोकं खाजवत असताना आई म्हणाली, "पॉटच्या आईस्क्रीमला घालायचो तसं बर्फात जाडं मीठ घाल की."

खरं सांगतो, चार वर्षांच्या इंजिनियरिंगला हे सुचलं नव्हतं. मे महिन्यात गच्चीवर लाकडी पॉट फिरवताना बर्फात खडेमीठ का घालायचं हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. मिठाने बर्फाचा गोठणबिंदू उतरतो आणि मिश्रण आरामात उणे दहाच्या खाली जातं. काकूंच्या फ्रिजमधून बर्फ आला. बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यात खुपसला, वायरी बाहेर, मीटर लावलेला. पाच मिनिटं, दहा, वीस. काही नाही. संपर्क जुळलाच नाही. आता मात्र चोर सापडला, आणि योग्य कारणाने सापडला.

नवा आणायला तुर्भ्याला गेलो. स्पेअर पार्टच्या एका छोट्या गाळ्यात साठीचे एक काका बसले होते. मी जुना बायमेटल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, आधी विचारलं, "मीटर लावून बघितलं का?" मी मिठाची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, "मग घेऊन जा. नाहीतर लोक येतात, हा द्या तो द्या म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी परत करायला येतात." किंमत एकशे ऐंशी रुपये. मग मी त्यांना माझ्या मेकॅनिकची गोष्ट सांगितली, जरा तक्रारीच्या सुरात. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, मीपण पंचवीस वर्षं घरोघर फ्रिज केले. पॅनल उघडायचं, बर्फ वितळवायचा, एकेक पार्ट तपासायचा, दोन तास जातात. पार्ट निघतो दीडशेचा. मी सातशे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, दीडशेच्या पार्टचे सातशे? आणि गॅस म्हटलं की तीन हजार गुपचूप काढून देतं. मग पोरं काय शिकणार?"

परतीच्या बसमध्ये मी याच वाक्याचा विचार करत होतो. कारण त्यांनी सांगितलेला गिऱ्हाईक मीच आहे. व्हिजिटचे तीनशे रुपये देताना माझं तोंड वाकडं झालं होतं. ते तीन मिनिटांचे तीनशे म्हणून मला डाचत होते. तोच माणूस दोन तास बसून म्हणाला असता की बायमेटल गेलाय, आठशे द्या, तर मी घासाघीस केली असती. शोधून काढण्याच्या कामाला आपण किंमत देत नाही, वस्तूला देतो. मग जो तो वस्तू विकतो. मेकॅनिक गॅस विकतो, लॅब टेस्ट विकते, आणि आमच्या कंपन्या नवा सर्व्हर विकतात. रूट कॉज शोधायला आठवडा मागा, क्लायंट विचारतो कशाला? नवा सर्व्हर घ्या म्हणा, लगेच बजेट मंजूर.

तेव्हा "मेकॅनिक लुबाडतात, सगळं स्वतः करा" असा या लेखाचा निष्कर्ष तुम्ही काढणार असाल तर थांबा. माझं तसं म्हणणं नाही. गॅस भरणं, कंप्रेसर बदलणं, नळीला वेल्डिंग करणं हे आपलं काम नव्हे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, तो उगीच नाही. पण निदान कुठवर पोचलंय हे समजण्याइतपत तरी आपण पॅनलच्या आत डोकावलं पाहिजे. मेकॅनिकला "गॅस कशावरून?" एवढं विचारता आलं पाहिजे. आणि त्याने नीट उत्तर दिलं तर त्या उत्तराचे पैसे हसत दिले पाहिजेत.

आईच्या आठवणीतल्या जुन्या फ्रिजला थर्मोस्टॅटच्या मधोमध एक बटण असायचं. रविवारी ते दाबायचं, खाली परात ठेवायची, बर्फ पडायचा. कटकट होती, पण बर्फ डोळ्यांना दिसत होता, त्यामुळे बिघाडही दिसत होता. फ्रॉस्ट-फ्रीने कटकट काढली आणि बर्फ पडद्याआड नेला. आपल्या बहुतेक सोयी अशाच असतात, काम संपत नाही, झाकलं जातं. ते झाकण उघडायला सोपं असावं एवढीच माफक अपेक्षा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. दुरुस्ती किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरवायला २०२४ साली समितीही नेमली गेली. चांगलंच आहे. फ्रिजवर विजेचे तारे असतात तसे उद्या दुरुस्तीचेही तारे आले तर मी तेच बघून फ्रिज घेईन. पण तारे मोजणारं गिऱ्हाईक नसेल तर ते तारेही शोभेलाच राहतील.

असो. नवा बायमेटल बसवायच्या आधी त्यालाही मीठ-बर्फात बुडवला. दोन मिनिटांत बारीकसा 'टिक्' आवाज आला आणि मीटर बोलला. तो आवाज ऐकून झालेला आनंद मला गेल्या तीन अप्रेझलमध्ये झालेला नाही. पाणी जायच्या भोकात कोमट पाणी सोडून नळी साफ केली, पॅनल लावलं, प्लग घातला. एक क्लिप मोडली, ती टेपने चिकटवली आहे. दुसऱ्या दिवशी प्लग काढून टायमर हाताने फिरवला, प्लग परत लावला आणि फ्रिजला कान लावून बसलो. कंप्रेसर गप्प. पाच मिनिटांनी आतून चुर्र, चुर्र. तापलेल्या हीटरवर बर्फाचं पाणी पडत होतं.

तरी मी टिकेट बंद केलं नाही. नऊ दिवस झाले, दहा झाले, पंधरा झाले. थर्मामीटर चारवर. सोळाव्या दिवशी आईने काकूंकडून इन्शुलिन परत आणलं, निळ्या डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "त्यांना आईस्क्रीम द्यायला हवं रे. त्यांचा बर्फ वापरलाय."

पॉट मिळतो का कुठे आजकाल?

ता. क. बायमेटल खराब निघाला म्हणून त्याच्या दोन्ही वायरी थेट जोडून टाका, असा सल्ला मला एका मित्राने दिला. तसं करू नका. मग हीटरला थांबवणारं उरतो फक्त टायमर आणि फ्यूज. सेफ्टी चेक कमेंट करून कोड चालवण्यातला हा प्रकार आहे, आणि इथे क्रॅश झालं तर स्वयंपाकघर जातं.